सामावून घेणारे आपण कोण?

एका शब्दानं मला तोंडघशी पाडलं. शब्द तसा चांगला आहे, सभेत हमखास टाळ्या घेणारा आहे. सामावून घेणे. तळातल्यांना सामावून घेतलं पाहिजे, वंचितांतल्या वंचितांना सामावून घेतलं पाहिजे, वगैरे. वीस वर्षं मी तो वापरतोय. भाषणात, पत्रकात, तहसीलदाराला द्यायच्या निवेदनात. २०२५ च्या जुलै महिन्यात एका म्हाताऱ्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि उलटा करून दाखवला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितोय.

हकिगत साधी आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाच्या टोकाला आमची वस्ती. शंभरावर घरं आपली, बौद्धांची. नाल्याच्या पलीकडे तीस-पस्तीस घरं मातंगांची. त्याच्याही पलीकडे, जिथं नगरपालिकेची कचऱ्याची गाडी उभी राहते, तिथं मेहतरांची चार घरं. नाल्याच्या अलीकडे विहार आणि विहाराला लागून पत्र्याचा हॉल. हॉलची किल्ली अध्यक्षांच्या घरी खिळ्याला. मी समितीचा चिटणीस.

तर मातंग आळीतली चार पोरं आली. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती. दरवर्षी नाल्याकाठी ताडपत्री बांधून करतात. मागच्या खेपेला पावसानं खुर्च्या चिखलात गेल्या, माईकमध्ये पाणी शिरलं. एक दिवस हॉल द्या, एवढंच मागणं.

समितीची बैठक बसली. रात्री साडेनऊला बसली ती बाराला उठली. एका दिवसाच्या हॉलसाठी अडीच तास! कुणी सरळ "नको" म्हणालं नाही. आपण आंबेडकरवादी आहोत, सरळ "नको" कसं म्हणणार? आपण अटी घातल्या. आत नारळ फोडायचा नाही. हळदकुंकू नाही. हलगी आत वाजवायची नाही, आवाज घुमतो. भाडं पाचशे, कारण ते वर्गणीदार नाहीत. कार्यक्रम आठला बंद. शेवटी मी उठलो आणि माझं ठेवणीतलं भाषण केलं. म्हणालो, बंधूंनो, एवढं ताणू नका, आपण मोठे भाऊ आहोत, त्यांना सामावून घेणं ही आपली ऐतिहासिक जबाबदारी आहे. ठराव झाला. सर्वानुमते. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन मीच नाला ओलांडून गेलो. पोरं कामावर गेलेली. त्यांच्यातल्या एकाचा आजा ओट्यावर बसलेला. गवंडीकामात हाडं झिजवलेला माणूस. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मी म्हणालो, मामा, ठराव झाला, समितीनं तुम्हाला सामावून घ्यायचं ठरवलंय. आणि अटी वाचून दाखवल्या.

मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दादा, मी भाईर कवा होतो?"

मला कळलं नाही.

"न्हाई, तुमी म्हनता आत घ्याचं ठरलं. मंजी मी भाईर हुतो. ते कवा ठरलं? त्या हालाच्या जोत्यात मुरूम भरला तवा दोन आयतवार म्या पाट्या टाकल्यात. फुकट. तवा मला कुनी भाईरचा म्हनलं न्हाई. चौदा एप्रिलला तुमच्या मिरवनुकीम्होरं हलगी कुनाची असती? तवा आवाज घुमत न्हाई व्हय?"

मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. हॉलच्या दाराशी देणगीदारांच्या नावांची फरशी आहे. तोवर मी ती कधी नीट वाचली नव्हती. रोख देणाऱ्यांची नावं आहेत. पाट्या टाकणाऱ्यांचं एकही नाही.

आता विचार करा. सामावून घेणे ह्या शब्दात एक घर गृहीत आहे, त्या घराचा मालक गृहीत आहे आणि उंबऱ्याबाहेर उभा असलेला एक माणूस गृहीत आहे. मालक मनानं मोठा, म्हणून दार उघडतो. बाहेरच्याला बाहेर कुणी काढलं, हे तो शब्द सांगत नाही. तो गुन्हा शब्दाच्या आधीच उरकलेला असतो. आणि दार उघडणाऱ्याच्या हातात दार बंद करण्याची सत्ता तशीच राहते.

हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे काय? महाड आपल्या रक्तात आहे म्हणतो आपण. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर आपण तेव्हाच सामावले गेलो होतो! पण तळ्यावर जायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्याले, तेव्हा डोकी फुटली, आणि पुढं भटांनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. मग ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. ज्यांनी ठरावानं दिलं, त्यांनी ठरावानंच काढून घेतलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की आपण तळ्यावर पाण्याच्या तहानेनं जात नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला जातो. म्हणजे भांडण घोटभर पाण्याचं नव्हतंच. पाणी कुणी कुणाला द्यायचं, हे ठरवणारा तू कोण, हे भांडण होतं.

आणि शंभर वर्षं होत आली असताना मी, चिटणीस, एक ठराव घेऊन नाल्यापलीकडे गेलो. तुम्हाला दिलं म्हणून सांगायला. पाच अटींसह.

वरचे लोक आपल्याला हेच करतात तेव्हा आपल्याला लगेच वास येतो. समतेच्या जागी समरसता हा शब्द आला, तेव्हा आपल्या माणसांनी तो ओळखला. दुधात साखर विरघळावी तसे या, म्हणतात. साखर विरघळते, दिसेनाशी होते. दूध मात्र दूधच राहतं, आणि गोड झालं म्हणून जास्त भावानं विकलं जातं. हे आपण चौकाचौकात बोललो. मग स्वतःच्या हॉलच्या बैठकीत आपलं नाक का चोंदतं?

मला माझी आजी आठवते. गावातलं आमचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांच्या तसबिरींना मेणबत्त्यांची काजळी. मांगवाड्यातला एक म्हातारा शिंदीचे फडे घेऊन यायचा. उन्हातून आलेला असायचा, पाणी मागायचा. आजी तांब्या घेऊन ओट्यावर उभी राहायची आणि तो खाली वाकून ओंजळ धरायचा. आजी वरून धार सोडायची. तांब्या ओंजळीला लागू द्यायची नाही. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाणी असंच देतात, एवढंच वाटलं. पुढं शाळेत असताना एकदा आजीसोबत पाटलाच्या वाड्यावर गेलो. पाटलीणबाई वर उभ्या. आजी खाली वाकलेली, ओंजळ धरून. तशीच धार. तितकीच उंच. येताना आजी वाटभर पाटलिणीला शिव्या देत होती. मी गप्प चालत होतो, कारण मला ती ओंजळ ओळखीची वाटत होती, आणि ती कुठं पाहिली हे आठवत होतं.

आजी वाईट नव्हती. फड्याचे पैसे देताना ती घासाघीस करायची नाही, वर भाकरी द्यायची. पण भाकरीही वरून टाकायची. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेबद्दल जे मांडलं, ते तिच्या तांब्यात दिसतं. ही उतरंड आहे, आणि प्रत्येक मडक्याला खाली एक मडकं दिलेलं आहे. वरच्याचा भार सोसायचा मोबदला म्हणून खालच्यावर बसायची मुभा. म्हणून सगळी उतरंड एकदम ढासळत नाही. आपल्याला वरचं मडकं फोडायचंय आणि खालचं हलू द्यायचं नाहीये. कसं जमणार?

इथं एक अवघड प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. समितीतले काही जण मनापासून म्हणाले की हा जातीचा मुद्दा नाही, तत्त्वाचा आहे. विहाराला लागून हॉल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. तिथं नारळ फुटला, अंगारा उडाला, तर आपण मिळवलं काय? ह्या म्हणण्याला मी हसून उडवणार नाही. विहाराच्या आवारात नारळ फोडायला माझा आजही विरोध आहे. देवीच्या नावानं पोराच्या गळ्यात परडी अडकवणाऱ्या रूढीला विरोध आहे आणि राहील. सामावण्याच्या नावाखाली सगळंच चालवून घ्या, असं मी म्हणत नाही. ते म्हणजे समोरच्या माणसाला विचार करणारा माणूस न मानणं झालं.

पण तत्त्व आहे की जात, हे तपासायची एक सोपी रीत आहे. ते तत्त्व वरच्यालाही लागतं का, ते बघायचं. गेल्या १४ एप्रिलला नगरसेवक आले होते. जातीनं मराठा, माणूस वाईट नाही, नाल्यावरच्या पुलाला निधी देतो म्हणतो. कपाळावर बोटभर टिळा. मनगटात लाल-पिवळ्या दोऱ्यांचा गठ्ठा. सरळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गेले, खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि बाबासाहेबांच्या कपाळाला लावली! आपल्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. त्यांना पुढची खुर्ची दिली, शाल दिली, त्यांच्याकडे हॉलचं भाडं मागितलं नाही, आणि ते गेल्यावर मी स्वतः रुमालानं ते कुंकू पुसलं. हळूच. कुणी बघू नये म्हणून.

मग नाल्यापलीकडच्या चार पोरांसमोर आपल्याला बावीस प्रतिज्ञा कशा आठवल्या? त्यांनी तर नारळाचं नावही काढलं नव्हतं. अण्णाभाऊंच्या जयंतीत नारळ असेलच, हे आपण त्यांच्या जातीवरून ठरवलं. आणि आपल्या किती घरांत पडद्यामागं म्हसोबा बसलाय, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या घरांतली लग्नं ह्याच हॉलमध्ये लागतात. जे तत्त्व फक्त उतारावरूनच धावतं, ते तत्त्व नव्हे. ते आजीच्या तांब्यातलं पाणी.

आणि अण्णाभाऊ परके कधी झाले? १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन कुणी केलं? फकिरा कुणाच्या लेखणीला अर्पण आहे? त्याहीआधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मातंगाची पोर, ज्ञानोदयात निबंध लिहिते. कशावर? मांग-महारांच्या दुःखावर. दोघांच्या. तिनं मधे नाला ठेवला नाही. आणि नामांतर. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. मातंग होते. बाबासाहेबांच्या नावासाठी त्यांनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला नाव लागलं, त्या कमानीखाली उभं राहून आपण फोटो काढतो. पोचिरामांना कुणी अटी वाचून दाखवल्या नव्हत्या.

अर्थात ही नावं भाषणात घ्यायला सोपी असतात. मीही घेतो. मेलेल्या मातंगाचा जयजयकार करायला हॉलची किल्ली द्यावी लागत नाही.

बैठकीत एक गोष्ट कुणी बोललं नाही, पण तीच सगळ्यांच्या पोटात होती. १ ऑगस्ट २०२४. अण्णाभाऊंच्या जयंतीच्याच दिवशी सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला, सहा विरुद्ध एक, की अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण राज्यांना करता येतं. त्या दिवसापासून नाल्याच्या दोन्ही काठांवर मोबाईल तापलेत. अलीकडचे म्हणतात, हे फोडायचं राजकारण आहे. पलीकडचे म्हणतात, तुम्ही सगळं खाल्लंत. मी दोन्हीकडची पोरं ऐकतो. अलीकडच्यांना सांगतो की बाबासाहेबांची हाक आपण आधी ऐकली, गिरणीत, रेल्वेत, पलटणीत आपले बाप आधी पोचले, शाळा आपल्याला आधी घावली. दोर वळणारा, फडे बांधणारा माणूस बलुत्यात आणखी अडकून राहिला. हे खरं आहे आणि त्याचा राग त्याला येणारच. पलीकडच्यांना सांगतो की भाकरी वाटायच्या आधी ती चोरली जातेय. सरकारी भरती आटली, कामं कंत्राटावर गेली, त्या कंत्राटात ना तुमचं आरक्षण ना आमचं. त्या कायद्याचं काय व्हावं, ह्यावर आपल्यात मतभेद राहतील. राहू देत, जाहीर भांडू. पण हॉलची किल्ली कुणाच्या खिळ्याला असावी, हे ठरवायला सुप्रीम कोर्ट लागत नाही.

बाबासाहेबांनी घटनासमितीत, नोव्हेंबर १९४९ मध्ये, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता ह्या वरवरच्या रंगासारख्या ठरतील असा इशारा दिला होता. आणि बुद्धाच्या ग्रंथात ते करुणेच्या पुढं मैत्रीपर्यंत जायला सांगतात. मी ह्या दोन शब्दांतला फरक मामांच्या ओट्यावर शिकलो, पुस्तकात नाही. करुणा मी एकटा करू शकतो, माझ्या खुर्चीत बसून. समोरच्याची परवानगी लागत नाही. मैत्रीला लागते. माझी मैत्री त्याला नको असू शकते. तो नकार देऊ शकतो, हे मान्य करणं हाच त्यातला अवघड भाग आहे. मामांनी नकार दिला. त्या पोरांनी हॉल घेतला नाही.

१ ऑगस्टला ताडपत्रीखालीच जयंती झाली. पाऊस होताच. मी गेलो. मागं उभा राहिलो तर एका पोरानं हाताला धरून पुढं नेलं, खुर्चीवर बसवलं. फुलं दिली. आमचे अध्यक्षही उशिरा आले, त्यांनाही बसवलं. आम्हाला कुणी अट घातली नाही. हलगी वाजत होती आणि ताडपत्रीवरचं पाणी अधूनमधून माझ्या मानेवर पडत होतं. अण्णाभाऊ, बाबासाहेब आणि बुद्ध, तिघांच्या तसबिरी शेजारी शेजारी होत्या.

तुम्ही विचाराल, मग करायचं काय? माझ्याजवळ मोठा कार्यक्रम नाही. मला एवढंच दिसतं की ठराव ज्या खोलीत होतात त्या खोलीत कोण बसतं, हा पहिला प्रश्न आहे. हॉल द्यायचा की नाही, हा त्यानंतरचा. मी समितीत लेखी मांडलं. एक, जुलैचा तो ठराव रद्द करा. दोन, समितीत मातंग आळीतले तिघं आणि मेहतरांच्या घरातलं एक जण घ्या, निमंत्रित म्हणून नाही, मताचा हक्क असलेले सभासद म्हणून. तीन, किल्लीच्या दोन प्रती करा, एक नाल्यापलीकडे राहील. चार, भिंतीवर आणखी एक फरशी लावा, पाट्या टाकणाऱ्यांची. नियम मग त्या नव्या समितीनं करावेत, नारळाचाही. आणि तो नियम नगरसेवकाच्या कुंकवालाही लागावा.

आणि रोटीबेटीचं? एका तरुण सभासदानं मला सगळ्यांसमोर विचारलं, काका, किल्ली देताय, उद्या पोरगी द्याल काय? मी म्हणालो, पोरगी ही काही माझ्या खिळ्याला टांगलेली किल्ली नाही, ती तिचं ठरवेल. लोक हसले, माझी सुटका झाली. पण रात्री मला झोप आली नाही. माझी पुतणी लग्नाची आहे. स्थळं बघताना मी स्वतः "आपल्यातला" हा शब्द किती वेळा वापरला, ते मोजत पडलो होतो. ते उत्तर पळवाटेचं होतं. नीट उत्तर अजून दिलेलं नाही, आणि ते न देता ही चार कलमं मांडणं कितपत खरं, हे तुम्हीच सांगा.

मतदान झालं. जुलैचा ठराव रद्द करायला सगळे तयार झाले. फरशीलाही कुणाची हरकत नव्हती. सभासदत्वाच्या कलमावर चार बाजूनं, सहा विरुद्ध. किल्लीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. चहा घेऊन महिला मंडळाच्या दोघी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांतल्या थोरल्या अक्का, ज्यांनी २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही आळ्यांचा स्वयंपाक एका चुलीवर केला होता, आत आल्या. म्हणाल्या, दहा जणांनी मत दिलं, दहाच्या दहा बाप्ये. आमचं मत कुणी मोजलं? अध्यक्ष म्हणाले, अक्का, हा वेगळा विषय आहे. अक्का म्हणाल्या, चिटणीस, लिहून घ्या.

मी इतिवृत्तात लिहून घेतलं आहे. पुढची बैठक पौर्णिमेला आहे.